‘घण’ हळू का वाजू लागला

प्रिय बाळा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल. म्हणून आधीच सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत, कुणी पडलेलं नाही, कुणी दवाखान्यात नाही. फोन असताना आईला पत्र लिहायची काय हौस आली, असं तू म्हणशील. माझी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली, पण स्वतःचं काही सांगायची वेळ आली की फोनवर माझी बोबडी वळते. शिवाय तू अर्ध्यातच "बरं आई, नंतर करतो" म्हणून ठेवून देतोस. पत्रही अर्ध्यात ठेवता येतं म्हणा, पण निदान ते मला इकडे कळत तरी नाही.

तुमच्या ‘घण’ बँडचा नवा अल्बम ऐकला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. स्वयंपाकघराचं दार लावून, कानाला हेडफोन लावून, जुन्या सवयीने डोळे मिटून. आणि तुला स्पष्टच सांगते, मला संशय आला. पहिला संशय नावावरूनच. ‘सावकाश’! ज्या पोराने जन्मात कधी जिना सावकाश उतरला नाही, त्याच्या अल्बमचं नाव ‘सावकाश’. मग पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं लागलं. पियानो. मागून व्हायोलिन. मग कुणीतरी अगदी नाजूक, इस्त्री केल्यासारख्या आवाजात गायला लागलं. तो आवाज तुझा आहे हे ओळखायला मला, अरे मला, अर्धं गाणं लागलं.

बाकी सगळ्यांना मात्र आनंदाचं भरतं आलंय. तुझा मामा दुसऱ्याच दिवशी केक घेऊन हजर. बूट काढायच्या आधीच म्हणाला, "ताई, सुटलीस! पोरगं माणसांत आलं." आजवर तुझं नाव निघालं की तो विषय बदलायचा, आता ऑफिसात सगळ्यांना मोबाइलवर तुझी गाणी ऐकवतो म्हणे. खालच्या मजल्यावरची नर्सबाई, जी तुझी प्रॅक्टिस चालू झाली की झाडूच्या दांड्याने छत बडवायची, ती परवा जिन्यात तुझी ओळ गुणगुणत होती. मला बघून लाजली. लोक माझं अभिनंदन करतात, अगदी तू एखाद्या मोठ्या आजारातून उठल्यासारखं. मी हसून "हो ना" म्हणते आणि मनात म्हणते, एवढे सगळे एकदम खूश झाले म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय.

तुमची माणसं मात्र खूश नाहीत, हे तुला माझ्याहून जास्त माहीत असणार. मी सगळं वाचते. "घण गेला, अंगाई आली." "पैशांपुढे लोटांगण." एकाने तर तुम्हा चौघांच्या फोटोवर झबली-टोपडी चढवली होती. मागच्या आठवड्यात दारावर टकटक झाली. बघते तर दोन मुली आणि एक दाढीवाला बाप्या, तिघंही काळ्या कपड्यांत. हातात तुमच्या टीशर्टांचं गाठोडं, तेच, घणाचं चित्र असलेले. दाढीवाला म्हणाला, "हे त्याला परत द्या. आता आम्हाला घालवत नाहीत." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. मी त्यांना आत बोलावून चहा पाजला. धाकटी मुलगी भिंतीवरच्या तुझ्या शाळेतल्या फोटोकडे बघत बसली आणि म्हणाली, "काकू, त्याला कुणी भाग पाडलं का?" बघ, म्हणजे संशय मला एकटीला नव्हता. टीशर्ट मी धुऊन, इस्त्री करून तुझ्या कपाटात ठेवलेत. कुणी मागायला आलं तर परत देईन.

तुला आठवतं का, तू नववीत होतास तेव्हा न्हाणीघरात पहिल्यांदा ओरडलास? मी नुकतीच ड्यूटीवरून आले होते. चप्पल पायातच होती. आतून असा काही आवाज आला की मला वाटलं, उकळतं पाणी अंगावर सांडून घेतलंस. दाराशी धावले आणि कडी वाजवणार, तेवढ्यात थांबले. एक्स्चेंजवर रडणारे, धमक्या देणारे, कुणी गेल्याची बातमी सांगणारे, सगळ्या तऱ्हेचे आवाज माझ्या कानांतून गेलेत. दुखण्याचा आवाज मला लगेच कळतो. हा दुखण्याचा नव्हता. तू आत मजेत होतास. पोटातून, टाचांपासून आवाज काढत होतास आणि मध्येच स्वतःशी खिदळत होतास. मी गुपचूप स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर लोकांनी तुझ्या गाण्याला गुरगुरणं म्हटलं, कुणी गुरासारखं ओरडणं म्हटलं. मला त्यातला एक शब्द कळायचा नाही. पण आवाज खरा आहे, एवढं कळायचं आणि तेवढं मला पुरायचं.

आता ‘सावकाश’मधला आवाज. आमच्या बोर्डावर आम्हा बायकांना एक गोष्ट न शिकवता यायची. माणूस मनात नसलेलं बोलायला लागला की त्याआधी एक बारीकसा श्वास घेतो. पायरी उतरताना अंधारात पाय चाचपावा तसा. "साहेब आत्ताच बाहेर गेलेत" म्हणणारे सगळे तो श्वास घ्यायचे. बाळा, तुझ्या नव्या गाण्यांत जवळजवळ प्रत्येक ओळीआधी तो श्वास आहे. पाहुण्यांसमोर उभं करून कविता म्हणायला लावलेल्या मुलासारखा गातोयस तू. बरोबर म्हणतोय ना, कुणी रागावणार नाही ना, असं. फक्त शेवटच्या गाण्यात तो श्वास नाही. ते गाणं गोड आहे आणि खरंही आहे. म्हणजे मला हळू गाण्यांचं वावडं आहे असं समजू नकोस. बाकीची गाणी तू कुणाला तरी दाखवायला म्हटलीस. कुणाला, हे मला शोधायचं होतं.

आधी घशावर संशय गेला. आठवत असेल, मी फोनवर आडून आडून विचारलं, गरम पाणी पितोस का, डॉक्टरकडे गेला होतास का. तू हसलास आणि म्हणालास, "घसा ठणठणीत आहे, आई." खरं बोललास, कळलं मला. मग कंपनीवर संशय. तुमचा तो नवा मॅनेजर, अत्तराचा फवारा मारून फिरणारा, मला पहिल्यापासून आवडत नाही. तर मी काय केलं, रागावू नकोस, कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. नोकरीतला तो कडक, नाकातला आवाज अजून निघतो मला. "घणच्या नव्या अल्बमबद्दल तक्रार आहे, जबाबदार माणसाला लाइन द्या." दिली. तिकडचा माणूस बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "बाई, आम्हीच डोक्याला हात लावून बसलोय. आम्हाला जुन्यासारखंच हवं होतं. यांनी ऐकलं नाही, आता आम्ही शिव्या खातोय." मी कान देऊन ऐकलं. श्वास नव्हता. फोन ठेवला आणि मॅनेजरची मनातल्या मनात माफी मागितली. अर्धीच. अत्तर जरा जास्तच मारतो.

मग वाटलं, एखादी मुलगी असेल. तसं असतं तर मी आनंदाने उडीच मारली असती, पण प्रेमात पडलेला माणूस इतका जपून गात नाही. तुझी ती मुलाखतही मी पुन्हा पुन्हा पाहिली. "कलाकाराने वाढलं पाहिजे, एकाच जागी उभं राहून चालत नाही." शब्द छान होते. पण त्याआधीचा श्वास इतका मोठा होता की माझं सगळं एक्स्चेंज ऐकायला आलं असतं. तेव्हा ठरवलं, आता ठोक्याकडे जायचं. तुझा हा ड्रमवाला दोस्त माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय. तो माझ्याशी खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात, तिथे मला श्वासबिस ऐकायची गरज नाही.

त्याच्या भावाच्या टायरच्या दुकानात गेले. तो एका चाकाची रिंग हातोड्याने ठोकत होता आणि जरुरीपेक्षा बराच जास्त ठोकत होता. मला बघून हातोडा खाली ठेवला, खुर्ची पुसली. मी सरळच विचारलं, "काय केलंत रे माझ्या पोराचं?" तो म्हणाला, "काकू, आम्ही काही केलं नाही. त्यानेच आमचं केलं. आख्ख्या अल्बमभर मला काठ्यांऐवजी ब्रश दिलेत हातात. लोक विचारतात, तू ड्रम वाजवतोस की धूळ झटकतोस?" मी म्हटलं, "मग ऐकलंत कशाला त्याचं?" तो टायरमध्ये हवा भरायला लागला, त्या टायरमध्ये आधीच हवा होती. "त्यालाच विचारा ना काकू." मी म्हटलं, "त्याला विचारलं तर तो खोटं सांगेल. तू सांगायचं नाही म्हटलंस तर मी इथेच बसते. गिऱ्हाइकांना चहा देत जाईन." कान लाल झाले. मग उठून त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. स्टुडिओत पहिल्या दिवशी तू म्हणालास, या वेळी ओरडायचं नाही. सगळे हसले. मग कळलं, हा चेष्टा करत नाहीये. तुमच्या गिटारवाल्याने तर गिटार खोक्यात भरली, निघाला. तेव्हा तू दारात आडवा उभा राहिलास आणि खाली मान घालून बोललास. "माझ्या बाबांनी माझं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. माझ्याशी फोनवर बोलत नाहीत, आईकडे देतात. एकदा प्रोग्रामला आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. नंतर मी धावत जाऊन विचारलं, कसं वाटलं बाबा? तर म्हणाले, शेवटची बस आहे, मिळेल. एवढंच. मला एक अल्बम असा करू द्या, जो ते घरात बसून ऐकतील. एकच. मग आयुष्यभर तुम्ही म्हणाल ते." ठोक्या म्हणाला, "काकू, त्यावर कोण काय बोलणार? गिटारवाल्याने गिटार परत बाहेर काढली. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय त्याने आम्हाला. म्हणून सगळे शिव्या खातोय आणि मुलाखतीत वाढ-बीढ बोलतोय." आणि मग हा दांडगा माणूस मनगटाने नाक पुसत म्हणाला, "ऐकला का हो काकांनी?"

ते उत्तर मी टाळलं. का, ते सांगते, जरा दम धर. एवढं विचारलं मात्र, की बाबांना तुझी लाज वाटते हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी? तर मामाने. चुलतबहिणीच्या लग्नात तुला कोपऱ्यात घेऊन म्हणाला होता ना, "तुझ्यामुळे बापाला चारचौघांत मान खाली घालावी लागते"? तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. मी तशीच मामाच्या घरी गेले आणि त्याला दारातच विचारलं, "यांनी तुला कधी सांगितलं असं?" आधी आठवत नाही म्हणाला. मग म्हणाला, "सांगितलं नाही, पण वाटतच असणार ना, ताई." वाटतच असणार! धाकटा भाऊ म्हणून आजवर पाठीशी घातला, त्या दिवशी मात्र असा फैलावर घेतला की वहिनी आतून बाहेर आलीच नाही.

घरी आले तर बाबा घरात नव्हते. आणि इथे माझा दुसरा संशय सुरू होतो, जो मी तुला आजवर सांगितला नव्हता. रिटायर झाल्यापासून बाबांनी एक नवीन टूम काढली होती. दुपारी जेवण झालं की "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर. उन्हाचे, थंडीचे, कधीही. येताना चेहरा वेगळाच, फुललेला. उजव्या तळव्याला धूळ. विचारलं की म्हणायचे, "बागेत बसलो होतो." बागेत बसून तळव्याला धूळ कशी लागते? पत्ते म्हणावेत तर खिशातला पैसा जागच्या जागी. पिणं म्हणावं तर वास नाही. दुसरं काही म्हणावं तर... जाऊ दे, या वयात मला हसू येईल. आणि तुझा अल्बम आल्यापासून मात्र ते जायचे तसेच जात, पण येताना चेहरा पडलेला. जेवणावर लक्ष नाही. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले की पाणी वाहून खाली जाईपर्यंत घालतच राहायचे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पाठोपाठ निघाले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचा पाठलाग! डोक्याला स्कार्फ गुंडाळला होता, तरी फळवाल्याने हाक मारलीच. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. बस डेपोच्या मागच्या गल्लीत गेले, एका स्पीकर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात शिरले. चिंचोळं दुकान, भिंतीला लागून उघड्या पोटाचे स्पीकर, तारांची जंजाळं, जळक्या सोल्डरचा वास. मी बाहेर विजेच्या खांबाआड उभी राहिले. दुकानदाराने बाबांना बघताच स्टूल पुढे सरकवलं, स्वतःच्या कानांत कापूस कोंबला आणि एक बटण दाबलं. आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्या पायांखालून तू ओरडलास. जुना ‘घण’. तुमचा अगदी पहिला अल्बम. गल्लीतल्या काचा थरथरायला लागल्या. बाबा एका कपाटाएवढ्या स्पीकरला खेटून बसले होते, उजवा तळवा त्याच्या लाकडावर पसरलेला, डावा कान टेकवलेला, डोळे मिटलेले. आणि ओठ हलत होते. बाळा, तुझे जे शब्द मला कधी कळले नाहीत, ते त्यांना पाठ होते.

गाणं संपलं. मग त्यांनी खिशातून ‘सावकाश’ची सीडी काढली. ती त्यांनी कधी विकत घेतली, मला पत्ता नाही. दुकानदाराचा चेहरा ओशाळला, पण त्याने लावली. बाबांनी स्वतः बटण शेवटपर्यंत फिरवलं. तळवा लाकडावर ठेवला. कान टेकवला. मला बाहेर पियानो ऐकू येत होता, तुझा आवाज ऐकू येत होता, अगदी स्वच्छ. बाबांनी कान काढला, पुन्हा टेकवला. हात थोडा खाली सरकवला, थोडा बाजूला, डॉक्टर पोटावर हात ठेवून बघतात तसा. मग दुकानदाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "आजही बिघडलाय का हो?" त्याने मान हलवली आणि हाताने खूण केली, चालू आहे, चालू आहे. बाबा बराच वेळ त्या स्पीकरकडे बघत राहिले. म्हणाले, "मग माझा मुलगा गात का नाहीये?"

बाळा, तुझ्या बाबांना ऐकू येत नाही. आज नाही, किती वर्षांपासून. जन्मभर पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर उभे होते, त्या मशीनने एकेक आवाज काढून घेतला. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग फोन, मग माणसांची बोलणी. उरले ते खालचे, जाड, छातीत घुमणारे आवाज, तेही जोरात असले तर. उजवा कान पार गेलाय, डाव्यात थोडं आहे. त्या प्रोग्रामला तू धावत येऊन "कसं वाटलं" विचारलंस, ते त्यांना "कसं निघायचं" वाटलं. म्हणून बसचं सांगितलं. मी शेजारीच उभी होते, मला तेव्हाच कळलं होतं. पण त्यांनी मला आधीच घट्ट बजावलं होतं, "पोराला सांगायचं नाही. ते गाण्याच्या धंद्यात आहे आणि बाप बहिरा, लोक टर उडवतील त्याची." कानाचं मशीन आणलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून दाढीच्या डब्यात पडून आहे. तू यायचास तेव्हा मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते, आणि मला वाटायचं, छान निभावतेय. तुला ते त्यांचं तुटक वागणं वाटत होतं, हे मला त्या टायरच्या दुकानात कळलं.

मी दुकानात शिरले. बाबा चोरी पकडल्यासारखे उठले. आम्ही चालायला लागलो आणि बस स्टॉपच्या बाकावर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून, रस्त्याने जाणाऱ्यांची पर्वा न करता, कानाशी ओरडून सगळं सांगितलं. त्याने हे तुमच्यासाठी केलंय. तुम्ही घरात बसून ऐकावं म्हणून. बस आली, गेली. मग बाबा म्हणाले, "मूर्ख आहे. माझ्यासाठी कुणी इतकं हळू गातं का?" आणि हसायला लागले, आणि हसता हसता चष्मा काढला. मी त्यांना विचारलं, "लाज वाटायची का हो त्याची?" तर माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याची लाज वाटली. म्हणाले, "अगं, सगळ्या जगात तो एकच माणूस उरला होता जो मला ऐकू यायचा."

घराचा जिना चढताना ते थांबले आणि पुन्हा म्हणाले, "त्याला यातलं काही सांगू नकोस." मी मान डोलावली, आणि ते झोपायला गेल्या गेल्या हे लिहायला बसले. फोनवर तू रडला असतास, मी रडले असते आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. एवढ्याचसाठी हे पत्र. ‘घण’ने पुढे काय वाजवावं ते तुम्ही चौघं बघा, हळू वाजवा नाहीतर जोरात, मी त्यात पडत नाही. फक्त बाबांना आवडावं म्हणून बदलत असशील तर ते करायची गरज नव्हती, कधीच नव्हती. पहिली मिळेल ती गाडी पकड आणि घरी ये. दारातूनच "बाबा" म्हणून हळू हाक मारू नकोस, ते वळणार नाहीत आणि तू पुन्हा भलता अर्थ काढशील. आत ये, त्यांच्या डाव्या अंगाला बस, आणि पोटातून, टाचांपासून, तुझ्या त्या खऱ्या आवाजात त्यांना हाक मार. आजूबाजूचे काय म्हणतील ते मी बघून घेईन.

दाराकडे डोळे लावून बसलेली, तुझीच,
आई